वाचकांचे प्रश्न : १७ नंबरचा फॉर्म आणि सदतिसावे वर्ष

प्रश्न : मी गेली बारा वर्षे चार घरी पोळ्या करते. गावी नववी झाली आणि लगेच लग्न झाले, त्यामुळे शाळा सुटली. आता वय ३७ आहे. मुलगी नववीत आहे आणि पुढच्या वर्षी तिच्याबरोबर आपणही दहावीला बसावे, असे मनापासून वाटते. घरचे विचारतात, या वयात दहावी होऊन काय करणार?
– एक वाचक, धनकवडी, पुणे

उत्तर : आपण अवश्य बसावे. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते आणि त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून मुलीच्या शाळेत आतापासूनच चौकशी करावी. अशा वेळी अभ्यासापेक्षा कागदपत्रांनीच अनेकींची वाट अडते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो; तो हरवला असेल, तर दुसऱ्या प्रतीसाठी कामावर सुट्टी मागून गावच्या शाळेत जावे लागेल. दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे असेल, तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्रही जवळ ठेवावे.

घरच्यांच्या प्रश्नाला याच शहराने पूर्वी उत्तर दिले आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले, तेव्हा शाळेचे वय उलटलेल्या विवाहित आणि विधवा स्त्रिया तेथे शिकल्या आणि शिक्षिका, परिचारिका होऊन स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहिल्या. आज दहावीनंतर औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थेत व्यवसाय शिकता येतो आणि तेथे प्रवेशाला वयाची कमाल अट नाही. मात्र तो अभ्यासक्रम पूर्णवेळ असतो आणि तेवढा काळ घरकामाची मिळकत बुडते, हा हिशेब आपण आधीच मांडावा. ते परवडणारे नसेल, तर बारावीही याच फॉर्मने देऊन, काम सांभाळत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. तो मार्ग लांबचा आहे, पण त्यात घरची चूल थांबत नाही, म्हणून आपल्या परिस्थितीत मला तोच अधिक योग्य वाटतो.

माध्यम एकच असेल, तर मुलीच्याच पुस्तकांवर दोघींचा अभ्यास होईल. मात्र वर्षभर संध्याकाळचा स्वयंपाक आणि भांडी तुम्हा दोघींवरच पडू नयेत, हे फॉर्म भरण्यापूर्वी घरात स्पष्ट बोलून घ्यावे.