ट्रंक, खोडा आणि तुरुंग

प्रश्न (रेवदंड्याहून): नेटवर्क स्विचच्या (संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीच्या) सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका तपासतो आहे. एका पानावर ‘ट्रंक तयार झाला’ आहे, पुढच्या पानावर ‘ट्रंक तयार झाली’. बरोबर काय? शिवाय ‘व्हीलॅन १० व २० ट्रंकमध्ये भरा’ हे वाक्य खटकतं. का खटकतं ते सांगता येत नाही.

उत्तर: खटकतं, कारण चूक आहे. हे ‘भरा’ ज्याने लिहिलं त्याच्या डोळ्यांपुढे पत्र्याची ट्रंक होती, कोकणातून मुंबईला निघालेल्या चाकरमान्याच्या डोक्यावरची. तारा ओढणाऱ्या पोरांपासून शिकवणाऱ्या सरांपर्यंत सगळ्यांकडून मी हेच ऐकतो, ‘डेटा ट्रंकेत टाकलाय’. ट्रंकेत काहीही टाकलेलं नसतं! ती साठवणीची जागाच नव्हे. अनेक व्हीलॅनची, म्हणजे एकाच नेटवर्कात पाडलेल्या वेगवेगळ्या आभासी जाळ्यांची, वाहतूक एकाच तारेवरून पलीकडच्या स्विचला नेणारा तो रस्ता आहे. कुठली फ्रेम, म्हणजे डेटाचा कुठला तुकडा, कुणाची हे कळावं म्हणून बिनचिठ्ठी जाणारं ‘नेटिव्ह’ व्हीलॅन सोडून बाकीच्यांच्या फ्रेमला चार बाइटांची चिठ्ठी लागते. तीत व्हीलॅनच्या क्रमांकासाठी १२ बिट असतात, म्हणून वापरता येणारे क्रमांक १ ते ४०९४. तेव्हा ‘मध्ये भरा’ खोडा आणि लिहा: ‘व्हीलॅन १० व २० ट्रंकवरून जाऊ द्या’.

हा अर्थ टेलिफोनवाल्यांकडून आला. परगावच्या फोनसाठी ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळलेली माणसं अजून आहेत. एसटीडी, म्हणजे ऑपरेटरविना स्वतःच परगावी फोन लावायची सोय; या तीन अक्षरांतला मधला टी ट्रंकचाच. आपल्या देशात ती सोय प्रथम १९६० साली कानपूर ते लखनौ अशी झाली. या सगळ्यांच्या मुळाशी झाड आहे: फांद्या पुष्कळ, खोड एक. पेटीलाही ट्रंक म्हणू लागले ते खोड कोरून पेट्या करत म्हणून.

आता खरी गोष्ट. इंग्रजी ट्रंक लॅटिन ‘त्रुंकुस’वरून आला. त्याच लॅटिन शब्दाचं पोर्तुगीज रूप ‘त्रोंकु’, अर्थ झाडाचं खोड. जाड ओंडक्याला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत, तर त्या ओंडक्यालाही त्रोंकु, आणि पुढे जिथे तो ओंडका असे त्या कोठडीलाही त्रोंकु. हा शब्द किनाऱ्यावर उतरला आणि आपल्या तोंडी झाला तुरुंग. तुमच्या रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीज १७४० पर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं होते. पाव, घमेलं, पगार, चावी त्यांच्याकडूनच आले, आणि चावीबरोबर तुरुंगही.

मला याहून मोठा आनंद वेगळ्याच गोष्टीचा होतो. पाय अडकवायच्या त्या ओंडक्याला मराठीत काय म्हणतात? खोडा! खोडावरून खोडा. लिस्बनच्या माणसाने आणि कोकणातल्या माणसाने एकमेकांना न विचारता झाडाकडून कैदेकडे जायची तीच वाट धरली. कामात कुणी खोडा घातला असं आपण म्हणतो, तेव्हा तो ओंडकाच आपल्या पायात असतो.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त भाषाशिक्षक तुरुंग संस्कृत ‘तुरंग’वरून आल्याचं ठासून सांगतात. रिकाम्या पागेत कैदी ठेवत म्हणे. हे मला साफ अमान्य आहे. ध्वनी जुळला की व्युत्पत्ती झाली, ही सवय घातक आहे. तुरंग म्हणजे घोडा. घोडा म्हणजे पागा नव्हे आणि पागा म्हणजे कोठडी नव्हे. मलाय भाषेत कैदखान्याला ‘तरुंकू’ म्हणतात. त्या मुलखातल्या मलाक्का बंदरालाही पोर्तुगीजच गेले होते. तिथेही घोडाच शोधणार का?

पुस्तिका तपासताना आणखी एक पाहा. स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या भाषेत ट्रंक म्हणजे वर सांगितलेला व्हीलॅनवाहू दुवा. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह स्विचांत मात्र ट्रंक म्हणजे तीनचार तारा एकत्र बांधून केलेला एक जाड दुवा. मूळ मजकूर कुठल्या घराण्याचा हे न बघता शब्द उचलला तर तंत्रज्ञ भलताच पोर्ट (स्विचवरची तार जोडायची खाच) बदलून बसेल. दुसऱ्या अर्थासाठी मी सरळ ‘जुडी’ लिहीन, पालेभाजीची असते तशी.

लिंगाचं राहिलंच. खोड नपुंसकलिंगी म्हणून ‘ते ट्रंक’ लिहावं असा मोह मला होतो, पण तसं कुणी बोलत नाही. पेटी ती, तार ती, लाइन ती. तेव्हा ट्रंकही ती. ‘ट्रंक तयार झाली’ ठेवा, ‘झाला’ काढा. ‘ट्रंक पोर्ट’ असा जोडशब्द असेल तिथे लिंग पोर्टचं चालेल, आणि पोर्टला सगळीकडे ‘तो’ म्हणा नाहीतर ‘ते’, पण एकाच पुस्तिकेत दोन्ही नकोत.