इंजिन खोलण्याआधी : जुन्या मर्सिडीजविषयी दोन प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी हौसेने घेतलेली १९९६ सालची मर्सिडीज ई २५० डिझेल आहे. सकाळी सुरू करताना ती निळसर धूर टाकते, तो थोड्या वेळाने थांबतो. हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल लागते आणि रेडिएटरचे पाणीही हळूहळू कमी होते. एका गॅरेजमध्ये ‘फुल इंजिन काम’ करावे लागेल, असे सांगण्यात आले. मळ्यातल्या पंपाचे किर्लोस्कर इंजिन मी दोनदा स्वतः बांधले आहे. घरामागच्या शेडमध्ये हेही काम मला जमेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : जमेल, परंतु आपण सांगितलेल्या लक्षणांवरून पूर्ण इंजिन बांधण्याची वेळ आली आहे, असे आज म्हणता येत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळी निळा धूर टाकावा आणि मग तो विरावा, हे बहुधा व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे रबरी सील कडक झाल्याचे चिन्ह असते. हेडमधले, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातले, ऑइल रात्रभरात झिरपून खाली उतरते आणि सकाळी जळते. सिलिंडर व पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असतील, तर धूर चढावर आणि भार घेतानाही येत राहतो, आणि चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडताच आतून फुत्कार येतात. पाण्याचे कारण वेगळेच असू शकते. आधी पाण्याचा पंप, होज आणि हीटर यांची गळती पाहावी. ती नसेल तर सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचा वरचा होज दाबून पाहावा. तो रात्रभरानंतरही ताठ लागला, तर जळालेला वायू पाण्यात शिरत असल्याचा, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधली पट्टी) गेल्याचा किंवा हेडला चीर पडल्याचा संशय घ्यावा. तसे असेल तर हेड उतरवूनच भागेल आणि खालच्या भागाला हात लावावा लागणार नाही.

म्हणून पान्याआधी गेज हाती घ्यावा. पेट्रोल गाडीचा कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे मीटर, येथे चालत नाही. डिझेलचा, ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) जागी बसणाऱ्या अडॅप्टरसह मिळतो, तोच हवा. बॅटरी पूर्ण चार्ज करून, इंजिन गरम असताना आणि इंधन बंद ठेवून पाचही सिलिंडर मोजावेत. ग्लो प्लग काढताना घाई करू नये, कारण अनेक वर्षे न हललेला प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला, तर नसलेले काम ओढवून घेतल्यासारखे होते. आकड्यांच्या उंचीइतकेच त्यांच्यातील अंतर महत्त्वाचे आहे : सिलिंडरांमध्ये ३ बारपेक्षा अधिक फरक नसावा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र उतरलेले दिसले, तर दोष बहुधा त्यांच्यामधल्या गॅस्केटचा असतो.

पेट्रोल इंजिनात रिंगा झिजल्या आहेत का हे पाहण्यासाठी सिलिंडरमध्ये थोडे ऑइल ओतून पुन्हा मोजण्याची पद्धत आहे. ती येथे वापरू नये. या इंजिनाचे आकारमान २४९७ घनसेंटिमीटर, सिलिंडर ५ आणि कंप्रेशनचे गुणोत्तर २२ आहे, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा २४ घनसेंटिमीटरहून किंचित कमी भरते. तेथे चहाचा चमचाभर ऑइल गेले तरी पाचवा हिस्सा व्यापला जातो, आकडा फसवा येतो, आणि ऑइल जास्त झाले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्याऐवजी पिस्टन अगदी वर आणून, इंजिन फिरणार नाही अशी व्यवस्था करून, कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये सोडावी आणि कान द्यावा. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइलच्या डिपस्टिकमधून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड.

आता आपल्या अनुभवाविषयी. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले, त्या भागातील वाचकाला पंपाच्या इंजिनाचे महत्त्व मी सांगायला नको. ते इंजिन धीर, स्वच्छता आणि काढलेला प्रत्येक भाग ओळीने मांडण्याची सवय लावते. मात्र ते चुकाही पोटात घालते, आणि तेथेच घोटाळा होतो. पंपाच्या इंजिनाचे हेड लहान आणि जाड असते. आपल्या गाडीचे पाच सिलिंडरांचे लांब हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि खाली बिडाचा ब्लॉक आहे. गरम इंजिनाचे बोल्ट सोडले किंवा क्रम चुकला, तर ते हेड वाकते. बोल्ट पूर्ण थंड इंजिनावर, आवळण्याच्या उलट क्रमाने, थोडे थोडे सोडावेत. हे बोल्ट ताणले जाणारे असल्याने प्रत्येकाची लांबी व्हर्नियरने मोजावी आणि मॅन्युअलमधील मर्यादेबाहेर गेलेला बोल्ट टाकून द्यावा. पुन्हा बसवताना आधी टॉर्क रेंचने आणि नंतर ठरलेल्या अंशांनी फिरवून ते आवळतात. हाताच्या अंदाजाला येथे जागा नाही. हेड उतरवताना टायमिंग चेनचा टेन्शनर आधी काढावा आणि चेन तारेने वर बांधून ठेवावी, नाहीतर ती आत घसरते.

हेडचे फेसिंग (तळ घासून सपाट करणे), बोअर आणि क्रँकचे ग्राइंडिंग मात्र मशीन शॉपकडेच द्यावे. बेळगावात उद्यमबाग आणि मच्छे येथे अशी दुकाने आहेत, पण निपाणीहून आपल्याला कोल्हापूरचे उद्यमनगर अधिक जवळ पडेल. फेसिंग कमीत कमी करून घ्यावे, कारण हेड घासले की व्हॉल्व्ह आणि प्रीचेंबर (हेडमधली डिझेल पेटण्याची छोटी खोली) यांची पातळी बदलते. ती पुन्हा मोजून घेण्यास सांगावे. सिलिंडर मूळचा ८७ मिलिमीटरचा आहे. तो तीन उंचींवर, दोन दिशांनी स्वतः मोजावा, म्हणजे दुकानदाराच्या ‘बोअर गेलाय’ या वाक्याला आपल्याकडे आकड्याचे उत्तर असेल. बोअर करायचेच ठरले तर पिस्टन आधी आणावेत आणि ते मोजून त्यांच्यावरूनच बोअर करवून घ्यावा. बोअर आधी करून त्या मापाचे पिस्टन शोधत फिरणारे लोक मी पाहिले आहेत.

इंजिन बाहेर काढावेच लागले, तर चेन पुली कौलारू छपराच्या वाशाला बांधू नये. लोखंडी तिकाटणे भाड्याने आणावे. ब्लॉक बदलण्याचा मोह झाल्यास लक्षात ठेवावे की नोंदणीपुस्तकातील इंजिन क्रमांक ब्लॉकचा असतो. बोअर केल्याने तो बदलत नाही, दुसरा ब्लॉक बसवल्यास बदलतो, आणि तो बदल चिकोडीच्या परिवहन कार्यालयात नोंदवावा लागतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या वेळी हा फरक हमखास पुढे येतो.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचा ब्लॉक नवीन बोअर होऊन आला आहे, पण पिस्टनच्या रिंगा यायला महिना लागेल. आमच्याकडे पाऊस सुरू झाला आहे. ब्लॉक गंजू नये म्हणून काय करावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खानापूरच्या पावसाळ्यात उघडा सिलिंडर एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून आजच काम करावे. प्रथम ब्लॉक गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवावा. केवळ डिझेलने धुतल्यास होनिंगची (सिलिंडरवर दगडाने बारीक रेषा पाडण्याच्या कामाची) बारीक पूड रेषांत अडकून राहते आणि नव्या रिंगा खाते. लगेच हवेने वाळवून पांढऱ्या सुती कापडाला ऑइल लावून सिलिंडर पुसावेत, आणि कापड काळे होईनासे होईपर्यंत हे करत राहावे. मग ऑइलचा जाड थर देऊन ब्लॉक फळीवर, जमिनीपासून उंच ठेवावा. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये, आत दमटपणा कोंडतो. कापड टाकून त्यावर सैल प्लास्टिक पुरे. दर आठवड्याला बोटाने तपासून ऑइल पुन्हा लावावे, आणि जुळणीच्या दिवशी ब्लॉक पुन्हा एकदा साबणाने धुवावा.