गाडीतील आपत्कालीन संच: काय ठेवावे आणि कुठे ठेवावे

नव्या गाडीसाठी बाजारात मिळणारा तयार आपत्कालीन संच पुरेसा ठरेल का आणि त्यात आणखी कशाची भर घालावी, असा आपला प्रश्न आहे. तयार संच घेण्यास हरकत नाही. अडचण अशी की तो डिकीच्या तळाशी जातो आणि गरज पडेपर्यंत कोणीही तो उघडून पाहत नाही. म्हणून वस्तूंइतकेच त्यांच्या जागेविषयीही लिहितो.

काही वर्षांपूर्वी भर पावसात, रात्रीच्या वेळी माझ्या गाडीचे मागचे चाक बसले. संच होता, पण चार बॅगांखाली. त्या बॅगा ओल्या रस्त्यावर काढून ठेवाव्या लागल्या, आणि टॉर्च संचातच असल्यामुळे टॉर्च शोधण्यासाठी फोनचा उजेड वापरावा लागला. चार नट सैल झाले. पाचव्यावर पाना नुसताच फिरू लागला. चाक चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेला तो खास नट होता. त्याला वेगळ्या खाचांची एक छोटी टोपी लागते, आणि ती आधीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीत परत ठेवलीच गेली नव्हती. त्या रात्री सगळा संच हाताशी असूनही गाडी उचलून न्यावी लागली.

त्यामुळे संचाची सुरुवात स्टेपनीपासून करावी. वापरात नसलेल्या चाकातील हवाही हळूहळू कमी होत असते, म्हणून दर महिन्याला चारही चाकांबरोबर पाचव्याची हवा तपासावी. किती हवा हवी ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिच्यात नेहमीच्या चाकापेक्षा बरीच जास्त, साधारणपणे ६० पीएसआय, हवा लागते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा लिहिलेली असते. गाडीसोबत येणारा पाना आखूड असतो. लांब दांड्याचा एक पाना घेतला तर यंत्राने घट्ट केलेले नटही हाताने सुटतात. जॅकखाली ठेवण्यासाठी एक जाड, चौरस फळी अवश्य ठेवावी, कारण भिजलेल्या मातीत जॅकच खाली रुततो. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत आणि मगच गाडी उचलावी. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंप आणि छिद्र बुजवणाऱ्या द्रवाची बाटली मिळते. त्या बाटलीला मुदत असते आणि टायरची बाजू फाटली असेल तर तिचा काहीही उपयोग होत नाही.

काही वस्तू मात्र डिकीत ठेवूच नयेत. चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट गाडीतून उतरण्याआधी अंगात असले पाहिजे, म्हणून ते दाराच्या कप्प्यात असावे, आणि शक्य असल्यास प्रत्येक प्रवाशासाठी एक असावे. टॉर्च डोक्याला बांधण्याचा घ्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. सीटचा पट्टा कापण्याचे पाते आणि काच फोडण्याची हातोडी पट्टा बांधलेल्या स्थितीत हाताला लागेल अशा जागी घट्ट बसवावी. येथे एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी: समोरची काच दुपदरी असते आणि ती हातोडीने फुटून मोकळी होत नाही. काही गाड्यांच्या दारांनाही आता तशीच काच येते. आपल्या गाडीची कोणती काच फुटणारी आहे, हे काचेच्या कोपऱ्यातील छापावरून समजते.

लाल त्रिकोण मागे किती अंतरावर ठेवावा, याविषयी प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे, पण एक हिशेब सर्वत्र लागू पडतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते, म्हणजे ५० मीटरवरचा त्रिकोण तिच्या चालकाला दोन सेकंदही देत नाही. वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे असावा. द्रुतगती मार्गावर मात्र त्रिकोण ठेवण्यासाठी चालत जाणे हाच मोठा धोका असतो, आणि काही देशांच्या नियमावलीत तेथे तो ठेवण्यास मनाईच आहे. अशा ठिकाणी चारही इंडिकेटर चालू करून सर्वांना वाहतुकीपासून दूरच्या बाजूच्या दाराने उतरवावे आणि कठड्यापलीकडे न्यावे.

बॅटरी उतरण्याचा प्रसंग सर्वांत जास्त वेळा येतो. जंपर केबल निवडताना वरच्या रबराची जाडी पाहून फसू नये. आतील तांब्याचा छेद लहान पेट्रोल इंजिनासाठी १६ आणि डिझेलसाठी २५ चौरस मिलिमीटर असावा. जोडण्याचा क्रम एका कागदावर लिहून केबललाच बांधून ठेवावा: लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून हे अंतर राखायचे. केबल काढताना हाच क्रम उलटा करावा.

अग्निशामक नळकांडे एक किलोचे, एबीसी पावडरचे (वेगवेगळ्या प्रकारच्या आगींवर चालणाऱ्या पावडरचे) असावे आणि ते आसनापाशी पट्ट्याने पक्के बांधलेले असावे. ते साधारण दहा सेकंदांत रिकामे होते, त्यामुळे ते नुकत्याच लागलेल्या आगीपुरतेच आहे. बॉनेट सताड उघडल्यास आत हवा जाऊन आग भडकते. फटीतूनच पावडर मारावी, आणि आग वाढताना दिसली तर सर्वांना घेऊन दूर जावे.

प्रथमोपचार पेटीत गोळ्यांपेक्षा रक्तस्राव थांबवण्याच्या साहित्याला प्राधान्य द्यावे: हातमोजे, भरपूर गॉज, रुंद बँडेज, त्रिकोणी पट्टी आणि कपडे कापता येतील अशी कात्री. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकते. त्या उष्णतेत औषधे खराब होतात, चिकटपट्टीचा डिंक सुटतो आणि दाबाखाली भरलेले फवाऱ्याचे डबे फुटू शकतात. औषधे आणि पॉवर बँक म्हणूनच गाडीत न ठेवता प्रवासाच्या पिशवीत ठेवावी, आणि पिण्याचे पाणी दर प्रवासाला ताजे भरावे.

जास्तीचे फ्यूज ठेवताना ते तेवढ्याच अँपिअरचे आहेत ना, एवढे पाहावे. गाडी ओढण्याचा हुक बहुधा स्टेपनीजवळच असतो; काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात आणि तो घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवून बसवावा लागतो, हे माहीत नसेल तर हुक बिघडला आहे असे वाटते.

पहिल्या लांबच्या प्रवासाआधी एखाद्या मोकळ्या दिवशी, सपाट जागेवर एक चाक स्वतः काढून पुन्हा बसवून पाहावे. आणि त्या खास नटाची टोपी सर्व्हिसिंगहून गाडी परत घेताना, सही करण्याआधी, हातात घेऊन पाहावी.