गाडीसाठी वेगळं जीपीएस घ्यायचं का?

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! पण वेगळ्या जीपीएस यंत्रावर इतक्यात पैसे घालू नका. फोनमध्ये जीपीएस असतंच आणि ते जागा ओळखतं उपग्रहांवरून, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. म्हणून ताम्हिणी किंवा वरंधा घाटात जायच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. बहुतेकांची गरज इथेच भागते. (ट्रॅफिक मात्र नेटशिवाय दिसणार नाही.)

सध्या एवढंच घ्या:
- एसीच्या जाळीवर घट्ट बसणारा होल्डर. काचेला लावलेला फोन मे महिन्यात तापून बंद पडू शकतो.
- बरा कार चार्जर.

नवखे हमखास चुकतात ते चालवताना पत्ता टाइप करण्यात, आणि नकाशा दाखवेल त्या ‘जवळच्या’ रस्त्याला बिनधास्त वळण्यात. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद असू शकतो. टपरीवर चहा घेताना सरळ विचारा.

फोन फारच जुना असेल किंवा सतत कॉल येत असतील, तर यंत्राचा विचार करा. तेव्हाही आधी बघा, नकाशाचे अपडेट फुकट आहेत का आणि किती वर्षं.