नावांवरून ग्रीक-इजिप्शियन मोजू नका, मी तेच केलं होतं

तुमची पोस्ट वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. टॉलेमींच्या, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजवंशाच्या, इजिप्तमधल्या पपायरसांतून (लव्हाळ्याच्या कागदावरच्या दस्तांतून) नावं काढून 'ग्रीक किती, इजिप्शियन किती' असा तक्ता करताय, आणि तीसेक नावं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. एम.फिल.ला मी हाच तक्ता केला होता.

आधीच सांगते, मी पपायरसतज्ज्ञ नाही. ग्रीक अडखळत वाचते, देमोतिक, म्हणजे तेव्हाची इजिप्शियन भाषा-लिपी, अजिबात येत नाही. त्यामुळे हे सगळं तुमच्या मार्गदर्शकांशी ताडून बघा.

माझी घोडचूक अशी. लक्सरच्या दक्षिणेला पाथिरिस नावाचं गाव होतं. तिथल्या द्रिटोन या घोडदळातल्या अधिकाऱ्याच्या घरचे कागद मी घेतले होते. अपोलोनिया हे नाव मिळालं, ते ग्रीक रकान्यात टाकलं. सेनमोन्थिस मिळालं, ते इजिप्शियन रकान्यात. दोघी एकच, द्रिटोनची बायको, हे कळायला सात महिने गेले. 'अपोलोनिया, जिला सेनमोन्थिसही म्हणतात' असं कागदांत स्वच्छ लिहिलेलं होतं. पण मी नावांच्या सूचीवरून काम करत होते, मूळ दस्त उघडतच नव्हते. तिच्या पाच मुली, पाचही जणींना एक ग्रीक आणि एक इजिप्शियन नाव. घरात बायका सहा, माझ्या तक्त्यात बारा! त्यावर 'निम्मी वस्ती ग्रीक' हा निष्कर्षही लिहून झाला होता. ते अख्खं प्रकरण फाडावं लागलं.

तुमची ती तीस नावं अडचण नाहीत, माझ्या मते तोच तुमचा विषय आहे. केरकेओसिरिस गावचा मेन्खेस बघा. गावचा लेखनिक, आपल्याकडचा कुलकर्णीच म्हणा. पदाच्या कामात तो मेन्खेस, आणि एका कागदात तोच 'अस्क्लेपियादेस, अम्मोनिओसचा मुलगा, इथेच जन्मलेला ग्रीक'. माणूस कोण हे विचारू नका. कुठल्या कामासाठी, कुठल्या कचेरीपुढे, कुठल्या भाषेत तो काय म्हणवतो, हे विचारा. सरकारही तसंच चालत होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या करनोंदींत 'हेलेनेस' (शब्दशः 'ग्रीक') हा वर्ग आहे, त्याला एक ओबोल (छोटं नाणं) कर माफ. त्यात ज्यू आहेत, काही इजिप्शियनही आहेत. इ.स.पू. ११८ च्या राजाज्ञेत ग्रीक आणि इजिप्शियन यांच्यातला खटला कुठल्या न्यायालयात चालेल हे कराराच्या भाषेवर ठरवलंय, जन्मावर नाही.

मार्गदर्शक बहुधा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची ग्रीकपणाची व्याख्या घालायला सांगतील: एक रक्त, एक भाषा, सामायिक देवस्थानं आणि यज्ञ, सारख्या रीती. घाला. पण अथेन्सवाले हे स्पार्टाच्या दूतांना सांगताहेत, ऐन युद्धात, 'आम्ही पर्शियाशी तह करणार नाही' हे पटवायला, हेही लिहा. तोच हेरोडोटस म्हणतो की अथेन्सचे लोक मुळात पेलास्गी, म्हणजे ग्रीकांआधीचे तिथले रहिवासी, ग्रीक भाषा ते नंतर शिकले.

आता कचेरीचं. विद्यापीठाचं आणि विभागाचं नाव घेत नाही. माझ्या नोंदणीतल्या शीर्षकात 'लोकसंख्येतील प्रमाण' असे शब्द होते. ते बदलायचा अर्ज तीनदा परत आला. एकदा जुना फॉर्म म्हणून, एकदा सही चुकीच्या जागी म्हणून, तिसऱ्यांदा मुदत संपली म्हणून. मुदत कधी संपते हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी प्रमाण काढता येत नाही असं सांगणारा प्रबंध त्याच शीर्षकाखाली द्यावा लागला आणि मौखिकीत पहिला प्रश्न त्याचाच आला. अजून संताप होतो. तुमची नोंदणी व्हायची असेल तर शीर्षक सैल ठेवा आणि प्रत्येक अर्जाची पोचपावती घ्या.

वेळ मिळाला तर एकदा कार्ल्याला जा. चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची (हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा) दानं कोरलेली आहेत आणि त्यांत सिहधय, यसवधन अशी इथलीच वाटणारी नावं आहेत. नावांवरून मोजलं असतं तर त्यांना यवन कुणी म्हटलं असतं?

मूळ दस्त पपायराय डॉट इन्फोवर फुकट वाचता येतात, पुष्कळांचे इंग्रजी अनुवादही आहेत. सुरुवात द्रिटोनच्या इ.स.पू. १२६ च्या मृत्युपत्रापासून करा.