दुकानातल्या क्लिनिकमध्ये रुजू होण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषध लिहून देणाऱ्या नर्सची, परीक्षा तू उत्तीर्ण झालीस आणि औषधांच्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या क्लिनिकमधून तुला बोलावणे आले आहे, हे तुझ्या आईने फोनवर सांगितले. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग करून, इथे अमेरिकेत परवान्याची परीक्षा देऊन आणि रात्रपाळ्या सांभाळून तू पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेस, याचे मला फार कौतुक आहे. याच कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून होकार कळवण्याआधी काही गोष्टी सविस्तर लिहिते.

रुग्णालयातले सहकारी तुला म्हणतील की तिथे सर्दी-खोकला आणि लशींपलीकडे काही नसते. ते मनावर घेऊ नकोस. लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो डॉक्टरांची वानवा असलेल्या भागातल्या मुलांना वेळेवर उपचार मिळावेत म्हणून. २००० साली मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातल्या किराणा सुपरमार्केटमध्ये अशी पहिली क्लिनिक उघडली, तेव्हाही डॉक्टरांची वेळ लवकर न मिळणे हीच लोकांची अडचण होती आणि ती आजही आहे. ज्यांना नेहमीचा डॉक्टरच नाही, असे कितीतरी लोक तुझ्यासमोर बसतील आणि वर्षभरात त्यांना तपासणारी तू कदाचित एकटीच असशील.

तुझी कसोटी दोन वेळा लागेल: प्रतिजैविक नाकारताना आणि रुग्णाला पुढे पाठवताना.

आधी घशाचे बोलते. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात तू घशातल्या स्ट्रेप जिवाणूच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण रुग्ण पाहिले आहेस, त्यामुळे लाल घसा दिसला की अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक द्यावेसे तुला वाटेल आणि त्यामागची भीती मी समजू शकते. तरीही हात आवर. ताप, टॉन्सिलवरचा पांढरा थर, मानेच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव, या चार खुणा तपास, प्रत्येकीला एक गुण धर आणि वयाचा विचार कर; गुण जितके जास्त, तितकी स्ट्रेपची शक्यता अधिक. तीन ते चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक गुण वाढतो, पंचेचाळिशीनंतर एक कमी होतो. नाक वाहते आहे, आवाज बसला आहे, खोकला आहे, तर आजार बहुधा विषाणूचा असतो आणि स्ट्रेपची चाचणी करण्याची गरजही नसते. कारण काहींच्या घशात हा जिवाणू आजार न करता नुसता राहतो आणि अशांची चाचणी पॉझिटिव्ह आली की नको ते औषध सुरू होते. लहान मुलाची झटपट चाचणी निगेटिव्ह आली तर मात्र घशाचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्यासाठी, पाठव. खरोखर स्ट्रेप असेल तर आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केले तरी ऱ्हुमॅटिक ताप टळतो, तेव्हा कल्चरच्या निकालासाठी एक-दोन दिवस थांबण्यात धोका नाही.

नाही म्हणताना रुग्णाला रिकाम्या हाताने पाठवू नकोस. "हा विषाणू आहे, औषध लागणार नाही" एवढेच ऐकून माणूस नाराज होऊन जातो आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणाहून गोळ्या घेतो. त्याला दिवस सांग: घसा आठवडाभरात बरा होईल, खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळू शकतो. वेदनाशामक कोणते आणि किती घ्यायचे ते कागदावर लिहून दे. तोंड उघडता येईनासे झाले, लाळ गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट इमर्जन्सीत जायचे, हेही स्पष्ट सांग. आपल्या क्षेत्राने याबाबतीत चांगले नाव कमावले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या श्वसनविकारांना प्रतिजैविकांची गरज नसते त्यांच्यासाठीही अर्जंट केअर केंद्रांत (वेळ न ठरवता तातडीचे पण जिवावर न बेतणारे उपचार मिळतात तिथे) सुमारे ४६ टक्के भेटींत ती दिली गेली होती; दुकानातल्या क्लिनिकमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. हे नाव राखणे आता तुझ्या पिढीकडे आहे.

दुसरी कसोटी अधिक अवघड आहे. साठीचा एक गृहस्थ सायनससाठी येतो, चार दिवसांपासून नाक चोंदलेले आहे, आणि रक्तदाब भरतो २०८/११२. अशा वेळी प्रथम त्याला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसू दे आणि दंडाच्या मापाचा पट्टा बांधून पुन्हा मोज. छातीत दुखते का, धाप लागते का, दृष्टी धूसर होते का, हातापायात अशक्तपणा जाणवतो का, डोके कधी नव्हे असे दुखते आहे का, हे एकेक करून विचार. एकाचेही उत्तर हो आले तर आणीबाणीच्या ९११ क्रमांकाला फोन लाव आणि त्याला स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नकोस. सगळी उत्तरे नाही आली तर त्याच्या पिशवीतल्या गोळ्या बघ. बरेचदा याच दुकानाच्या काउंटरवरून घेतलेले सुडोएफेड्रिन तिथे सापडते, ज्याने नाक मोकळे होते आणि रक्तदाब चढतो. ते बंद करायला सांग, रक्तदाबाची गोळी चुकवली आहे का ते विचार आणि त्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याच्यासमोर फोन करून एक-दोन दिवसांतली वेळ ठरवून दे. डॉक्टर नसेल तर जवळच्या सामुदायिक आरोग्य केंद्राचा पत्ता लिहून दे. सायनससाठी आलेला माणूस तुझ्यामुळे रक्तदाबाच्या उपचाराला लागला, तर त्या भेटीचे चीज झाले.

भेट संपली की नोंद त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलीच पाहिजे. मुलांच्या नोंदी ठिकठिकाणी विखुरतात, हा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा या क्लिनिकवरचा जुना आक्षेप आहे आणि मला तो रास्त वाटतो.

आता नोकरीचे. बऱ्याच ठिकाणी तू खोलीत एकटी असशील. रुग्णाची नोंदणी, तपासणी, चाचणी, लस, टेबल पुसणे, सगळे तुझ्याकडेच, आणि बाहेरच्या पडद्यावर प्रतीक्षेतल्यांची नावे वाढत असतात. म्हणून मुलाखतीत संकोच न करता विचार: मदतनीस आहे का, जेवणाच्या वेळी नावे घेणे थांबते का, प्रशिक्षण किती आठवड्यांचे आणि सोबत कोण असेल. ॲरिझोनासारख्या राज्यात नर्स प्रॅक्टिशनरला स्वतंत्रपणे काम करता येते, टेक्ससमध्ये औषधे लिहून देण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार लागतो. तुझ्या राज्यात करार लागत असेल तर ते डॉक्टर शनिवारी दुपारी फोन उचलतात का, हे आधीच ठरवून घे. उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा व्यावसायिक विमा नोकरी सोडल्यानंतर केलेल्या दाव्यालाही लागू होतो का, हेही लेखी माग. हा उद्योग स्थिर नाही, हेही ध्यानात ठेव: वॉलमार्टने २०२४ साली आपली सगळी ५१ आरोग्य केंद्रे बंद करण्याचे जाहीर केले होते. तेव्हा महिन्यातून एखादी पाळी तरी दुसरीकडे, शक्यतो प्राथमिक उपचारांच्या दवाखान्यात, करत राहा. मधुमेह आणि दम्याचे रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळण्याचा सराव या खोलीत होत नाही.

मुलाखत झाली की काय उत्तरे मिळाली ते कळव. करारपत्र हाती आले तर सही करण्याआधी मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
मावशी