26 इंची एमटीबी (डोंगरी सायकल) ताशी 28 किमीच्या पुढे जात नाही, 48 दातांचं चेनव्हील (पायडलपाशी असलेली पुढची दातेरी चकती) बसवू का?

घाई नको. आधी उद्या पहाटे इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सर्वांत जड गिअरात, पूर्ण वेगात असताना उजवा पाय 15 सेकंदांत किती वेळा खाली जातो ते मोजा. जाताना आणि येतानाही, कारण वाऱ्याने आकडा बदलतो.

तुम्ही लिहिलंय, पुढे 42 दाते, मागे 14. म्हणजे पायडल एकदा फिरलं की चाक तीनदा. जाड टायरसकट चाकाचा घेर साधारण 2.07 मीटर, तेव्हा एका फेरीत 6.2 मीटर. 28 च्या वेगाला मिनिटाला 75 फेऱ्या पडतात. म्हणजे 15 सेकंदांत 19 च्या आसपास. तोच गिअर 90 फेऱ्यांनी फिरवलात तर 33 च्या वर जाल. गिअर अजून संपलेला नाही, दम संपतोय!

48 लावलंत तर एका फेरीत 7.1 मीटर. त्याच 75 फेऱ्यांत 32 चा वेग मिळेल खरा, पण तेवढी ताकद पायांत हवी. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, 28 वरून 32 ला जवळपास दीडपट. ती चेनव्हील देत नाही.

मी कॉलेजात असताना हाच हट्ट केला होता. मेकॅनिक म्हणाला, "भिया, बड़ा वाला लगा दूँ?" आणि मी थेट 52 बसवलं. मंडलेश्वरहून इंदूरला परतताना जाम गेटच्या घाटातल्या चढावर सायकल हातात धरून चालत आलो. गुडघे आठवडाभर बोलत होते.

पैसे खर्चायचेच असतील तर खाचांचे टायर काढून गुळगुळीत, अरुंद टायर घ्या आणि टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा भरपूर ठेवा. हँडल थोडं खाली घ्या, कोपरं आत. फरक तिथेच जाणवेल.

15 सेकंदांत 23 च्या पुढे जात असाल, तर मात्र गिअर बदलायला हरकत नाही. तेव्हाही चेनव्हील नको, मागचा फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) 11 किंवा 13 दातांपासून सुरू होणारा घ्या. 28 दातांची मोठी चकती तशीच राहील, चढ हातचा जाणार नाही. 11 चे दाते लवकर झिजतात, एवढंच. मोठं चेनव्हील लावलं की चेन लांब लागते, पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) वर सरकवावा लागतो, आणि फ्रेमला घासतंय का तेही बघावं लागतं. दुकानात जाण्याआधी तुमचा मागचा संच आट्यांनी फिरवून बसवलेला फ्रीव्हील आहे की खाचांवर सरकवून बसवलेली कॅसेट, ते पाहून घ्या.